पंधरा मिनिटांची कढई आणि कोळंबी सोलणारे हात

(कढईत काहीतरी चरचरण्याचा आवाज)

ऐकू येतंय? हे सॉसेज आहे. आजचा भाग मी बदलापुरात, आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून रेकॉर्ड करतोय. त्यामुळे मध्येच शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी येईल, खालून भाजीवाल्याची हाक येईल. हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी ठेवा.

झालं असं, की दोन आठवड्यांपूर्वी मी रात्री उशिरा घरी आलो आणि एकाच कढईत कोळंबी, सॉसेज आणि फ्रीजमध्ये उरलेल्या भाज्या घालून जेवण केलं. चांगलं झालं म्हणून व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पंधरा मिनिटांत जेवण, भांडं एकच.' मामाने अंगठा दाखवला, ताईने रेसिपी मागितली. आईचा मात्र व्हॉइस मेसेज आला. चार सेकंदांचा. "छान दिसतंय रे. पण कोळंबी सोलली कोणी?"

मी उत्तर दिलं, पाकिटात सोललेलीच येते. तिने पुढे काही विचारलं नाही. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आजचा भाग त्याच प्रश्नाचा आहे.

आधी रेसिपी सांगून टाकतो, नाहीतर तुमच्यातले अर्धे शेवटापर्यंत थांबणार नाहीत. कढई तापवा. पसरट असेल तर उत्तम. सॉसेजच्या चकत्या आधी टाका, कारण त्यांची चरबी सुटते आणि पुढचं सगळं तिच्यात शिजतं. गोव्याचं चोरीस असेल तर तेलाचा थेंबही लागत नाही. पाकिटातलं चिकन सॉसेज असेल तर चमचाभर घाला. चकत्या लाल झाल्या की बाजूला काढा. मग बटाट्याचे बारीक तुकडे, झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं. मग कांदा, फरसबी, ढोबळी मिरची, ठेचलेला लसूण, एक टोमॅटो. कोळंबी सगळ्यात शेवटी, आणि मोजून तीन मिनिटं. कोळंबी इंग्रजी सी सारखी वाकली की झाली. पूर्ण गोल होऊन ओ झाली की ती रबर. सॉसेज परत आत, वरून लिंबू, संपलं.

आता या कढईत नीट बघा. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, फरसबी हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडच्या कुठल्याही चुलीवर यातलं काही नव्हतं. 'बटाटा' हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगीजांकडून घेतला. 'पाव' त्यांचा, 'बादली' त्यांची, 'घमेलं' त्यांचं, आणि महिन्याच्या एक तारखेला ज्याची वाट बघतो तो 'पगार'ही त्यांचाच. मला वाटायचं, चला, निदान कोळंबी तरी आपली. तर पाकीट उलटून बघितलं आणि वर लिहिलं होतं, 'व्हॅनामेई'. ही जात प्रशांत महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्यावरची. आपल्याकडे तिच्या व्यापारी शेतीला २००९ साली परवानगी मिळाली आणि आता आंध्रच्या तळ्यांमध्ये ती प्रचंड प्रमाणात वाढवली जाते. म्हणजे बदलापूरच्या माझ्या कढईत कांदा, लसूण आणि लिंबू सोडलं तर सगळे पाहुणे!

पण आईचा प्रश्न वस्तू कुठून आली हा नव्हता. तिने हात विचारले होते.

मुंबईत कुलाब्याला ससून डॉक आहे. १८७५ साली बांधलेली गोदी, आधी कापसासाठी, नंतर मासळीची झाली. तुम्ही कधी पहाटे तिथे गेला असाल तर हे दृश्य पाहिलं असेल. बोटी लागलेल्या, बर्फाच्या लाद्या फुटतायत, कोळणी लिलावात ओरडतायत, आणि एका बाजूला उकिडव्या बसलेल्या बायकांच्या रांगा. पुढ्यात कोळंबीचे ढीग. डोकं मोडायचं, कवच ओढायचं, बाजूच्या टोपलीत टाकायचं. पैसे मिळतात ते सोललेल्या मालाच्या वजनावर. बोटांना बर्फ आणि कोळंबीचे काटे, दोन्ही. १९५० च्या दशकात कोचीहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जायला लागली आणि हा धंदा सगळ्या किनाऱ्यावर पसरला. शीतगृहं नवी आली, यंत्रं नवी आली. सोलणं बहुतेक ठिकाणी हातांवरच राहिलं, आणि ते हात बहुतेक ठिकाणी बायकांचेच.

म्हणजे माझ्या पंधरा मिनिटांच्या आधी कुणीतरी पहाटे चारला सुरुवात केली होती. हे एकदा दिसलं की 'झटपट' हा शब्द जरा वेगळा ऐकू येतो. म्हणून म्हटलं, हा झटपटपणा आपल्या पट्ट्यात, म्हणजे उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापुरात, आला कुठून ते शोधू.

पहिलं उत्तर सापडतं उन्हात. मे महिन्याच्या.

यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते हे तुम्हाला माहीत असेल. हा नियम अलीकडचा. पण पावसाळ्यात समुद्र बंद ही गोष्ट फार जुनी, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोळी होडी लोटत नसत. मग ते महिने खायचं काय? कोकणात याचं उत्तर म्हणजे आगोट. पाऊस लागायच्या आधीची बेगमी. सुकट, जवळा, बोंबील, आणि सगळ्यात मानाचे सोडे. सोडे म्हणजे सोलून कडक उन्हात वाळवलेली कोळंबी. ओली कोळंबी टोपलीभर असेल तर सोडे ओंजळभर होतात, म्हणून भाव ऐकून माणूस आधी पाणी पितो. आमचं गाव अलिबागकडचं. दर मे महिन्यात आजी सोड्यांची पुरचुंडी पाठवायची, आणि ती डब्यात अशी लपवली जायची की घरातलं सोनं सापडलं असतं, सोडे नाही.

तिकडे गोव्यात याच काळाला पुरुमेंत म्हणतात. हाही पोर्तुगीज शब्दच, अर्थ बेगमी. कोकम, मीठ, मिरच्या, सुकी मासळी, आणि चोरीस. १५१० साली पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा डुकराच्या मांसाचं सॉसेज करायची त्यांची पद्धत बरोबर आली. त्यांच्या देशात त्यात वाईन पडायची. इथे ताडीमाडीचं व्हिनेगर पडलं. मीठ, लसूण, लाल मिरची, मिरी, लवंग लावून मांस मुरवायचं, आतड्यात भरायचं, मण्यांसारखे गोळे बांधायचे, उन्हात वाळवायचं आणि चुलीवर धुरात टांगायचं. फ्रीज नसलेल्या घरात ती माळ पावसाळा काढते. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, पोर्तुगीजांकडे होती, त्यामुळे आपल्या उत्तर कोकणातही ही चव अनोळखी नाही.

सोडे आणि चोरीस. एक कोळ्याच्या अंगणातलं, एक गोव्याच्या चुलीवरचं. दोन्हींचं काम एकच: मे महिन्यातले तास साठवून जुलैमध्ये वापरायचे. पावसात दार बंद करून पाव तासात जेवण होतं ते यामुळे. ही दोन गाठोडी माझ्या आयुष्यात एकदा एकाच कढईत आली. ती गोष्ट नंतर सांगतो.

आता आग.

अंबरनाथ म्हटलं की लोक शिवमंदिराचा फोटो टाकतात. १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. रास्त आहे, तसं कोरीवकाम जवळपास कुठे नाही. पण रोजच्या जेवणाच्या इतिहासात अंबरनाथचं नाव दुसऱ्या कारणासाठी यायला हवं. रिक्षावाल्याला 'विम्को नाका' म्हटलं की तो नेऊन सोडतो. विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. आगपेट्यांची.

कथा मजेशीर आहे. सुरक्षित आगकाडी, म्हणजे पेटीच्या कडेवरच घासली तर पेटणारी, हा स्वीडनमधल्या लोकांचा शोध, १८४४ चा. पुढे स्वीडिश आगपेट्या जगभर जायला लागल्या, हिंदुस्थानातही. १९२२ च्या सुमारास इथल्या सरकारने परदेशी आगपेट्यांवर जबर आयात कर लावला. मग स्वीडिश कंपनीने सरळ हिशेब केला: पेट्या पाठवणं महाग पडतंय ना, मग कारखानाच तिकडे काढू. १९२३ साली विम्को स्थापन झाली आणि अंबरनाथला कारखाना उभा राहिला. रेल्वे होतीच. बोरीबंदर ते ठाणे १८५३, कल्याण १८५४, आणि १८५६ च्या मे महिन्यात गाडी आपल्या या रुळांवरून खोपोलीच्या दिशेने गेली.

आगपेटी ही काय मोठी गोष्ट, असं वाटेल. आमची पणजी सकाळी शेजारी विस्तव मागायला जायची. राखेखाली निखारा टिकवणं हे रात्रीचं शेवटचं काम आणि तो फुंकून चूल पेटवणं हे सकाळचं पहिलं. ओली लाकडं असली तर पाव तास डोळ्यांत धूर. त्या पाव तासाचं आगपेटीने एक सेकंद केलं. आणि पाठोपाठ आला स्टोव्ह. प्रायमस स्टोव्ह, १८९२, पुन्हा स्वीडन! अंबरनाथची काडी आणि प्रायमसचा भोंगा, दोघं गाववाले. हवा भरायची, पिन मारायची, रॉकेल पेटलं की निळी ज्योत. चाळीतल्या खोलीत चुलीला जागा नसते, धुराडं नसतं. स्टोव्ह कुठेही बसतो. पण एका वेळी एकच भांडं घेतो. आपल्या एका कढईच्या जेवणाचं मूळ मला तरी इथे दिसतं. भांडी कमी घासायची हौस नंतरची. ज्योतच एक होती.

(इथे जरा गॅस बंद करतो. हे चरचरत्या आवाजात सांगायचं नाही.)

या वेगाची एक किंमत होती. तुमचे आईवडील ज्या पिढीचे, त्यांना विचारा, वर्तमानपत्रात एक ठरलेली ओळ यायची: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. काही वेळा खरंच भडका असायचा. जुनं यंत्र, भेसळीचं रॉकेल, नायलॉनची साडी. पण दर वेळी सूनच का जळते, सासू का नाही, हा प्रश्न बायकांच्या संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. १९८३ साली कलम ४९८ अ आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४ ब. स्वयंपाकघराच्या इतिहासात शोध आणि ब्रँड येतात, ही ओळ येत नाही. मी ती वगळू शकलो असतो. नाही वगळावीशी वाटली.

आता गॅस लावतो. बटाटे टाकतोय. (चर्र)

अंबरनाथहून कल्याणकडे निघालात की पुढचं स्टेशन उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी छावणी होती, सैनिकांना तात्पुरतं ठेवण्यासाठी बांधलेल्या बराकी. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या, आणि फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल तुटले, पण त्यांचा एक तुकडा तरी इकडे राहिला. सिंध सगळाच्या सगळा पलीकडे गेला. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि सिंधी हिंदूंचे लोंढे बोटींनी मुंबईला यायला लागले. सुमारे एक लाख माणसं कल्याणच्या या छावणीत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून नाव ठेवलं उल्हासनगर. गंमत बघा, पंचाहत्तर वर्षं होऊन गेली तरी पत्ता सांगताना लोक अजून 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच'च म्हणतात.

आईच्या ऑफिसात एक सिंधी बाई होत्या, आम्ही त्यांना दादी म्हणायचो. सिंधीत थोरल्या बहिणीला म्हणतात. त्यांचं बालपण बराकीत गेलं. लांबच्या लांब शेड, मध्ये गोणपाटाचे पडदे, एका पडद्याच्या आत एक कुटुंब. एका बाजूला अंथरुणं, दुसऱ्या बाजूला शेगडी. दादी सांगायच्या, पडद्यापलीकडे काय शिजतंय ते वासावरून कळायचं, आणि नेहमी तेच असायचं. साई भाजी.

साई भाजी तुम्ही उल्हासनगरात खाल्ली नसेल तर या रविवारी जा. पालक, चुका, हरभऱ्याची डाळ, बटाटा, वांगं, गाजर, टोमॅटो, असेल ते सगळं एका पातेल्यात, शिजलं की रवीने घोटायचं. वर लसणाची फोडणी. सोबत तपकिरी कांद्याचा भात, भुगा चांवर. साई भाजी छावणीत जन्मली असं कुणी म्हणत असेल तर ते चूक. ती सिंधमधूनच आली. पण सिंधमधल्या वाड्यात तिच्याबरोबर ताटात आणखी दहा गोष्टी असायच्या. सिंधूतला पल्ला मासा असायचा, ज्याच्या आठवणीने म्हातारे सिंधी अजून गप्प होतात. बराकीत ती एकटी उरली. डाळ, भाजी, आंबट, सगळं एकात. एक ज्योत, एक पातेलं, माणसं आठ.

आणि ती शिजत असताना त्या घरच्या बायका काय करायच्या? पापड लाटायच्या. विकायला. उल्हासनगरचे पापड पुढे नावारूपाला आले, पण दादींच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की एका पातेल्याच्या स्वयंपाकाने वाचलेला वेळ कुणी पाय पसरून घालवत नव्हतं. वाचलेल्या वेळेचं लाटणं व्हायचं.

भाज्या टाकतोय आता. फरसबी, ढोबळी. फरसबी चिरताना मला नेहमी ट्रेन आठवते, कारण लहानपणी मी आमच्या घरी कुणाला फरसबी चिरताना पाहिलंच नाही. ती चिरूनच यायची.

सीएसएमटी ते बदलापूर, ६८ किलोमीटर. आई फोर्टात नोकरी करायची. पावणेसहाची गाडी मिळाली तर साडेसातला घरी. लेडीज डबा. खिडकीशी चौथ्या सीटसाठी भांडणं, पण ठाणं गेलं की डब्याचा ओटा व्हायचा. पिशवीतून वर्तमानपत्र निघायचं, मांडीवर पसरायचं. मटार सोलले जायचे, मेथी निवडली जायची, फरसबीच्या शिरा निघायच्या. दादरला स्टेशनबाहेर घेतलेली भाजी दिव्याच्या खाडीपर्यंत निवडून तयार. जिची भाजी आधी संपली ती दुसरीची घ्यायची. मुंबईत १९९२ च्या मे महिन्यात पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल धावली तेव्हा सुरक्षिततेची चर्चा झाली, गर्दीची झाली. माझ्या मते त्या डब्यांची मोजणी स्वयंपाकघर म्हणूनही व्हायला हवी होती. घरी आल्यावर आई वीस मिनिटांत जेवण वाढायची. आम्हाला वाटायचं, आईचा हात झपाझप चालतो. अहो, दीड तास आधीच होऊन गेलेला असायचा.

आता ती कढई, जी सांगायची राहिली होती.

२६ जुलै २००५, मंगळवार. मी सातवीत. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला हे तुम्ही वाचलं असेल. आमच्याकडे उल्हास नदी फुगली होती, लाइट दुपारीच गेलेली, फोन बंद. आई सकाळी ऑफिसला गेली होती. संध्याकाळचे सात वाजले, आठ वाजले. बाबा गॅलरीतून आत, आतून गॅलरीत. नऊला मी म्हटलं, भूक लागलीय.

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी लॅटिनमध्ये बोललो. त्यांनी आयुष्यात चहाच्या पुढे काही केलं नव्हतं. शेगडी लावायला गेले तर सिलिंडर संपलेला. माळ्यावरून जुना वातींचा स्टोव्ह काढला, दिव्याचं रॉकेल त्यात ओतलं. काड्या सर्द झालेल्या. मला आठवतंय, मी मोजत होतो. अकराव्या काडीला पेट घेतला. घरात बटाटे होते, कांदे होते, आणि मी, मी फितूर झालो, सोड्यांचा डबा कुठे असतो ते बाबांना सांगितलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या आंटी टॉर्च घेऊन खाली आल्या. मूळच्या म्हापशाच्या. "वहिनी आली काय?" म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर काही न बोलता वर गेल्या आणि चोरीसची अर्धी माळ घेऊन आल्या. बाबा म्हणाले, "अहो, आज मंगळवार." आंटी म्हणाल्या, "मंगळवार त्या पोराला सांगा." डुकराचं मांस आमच्या घरात त्याआधी कधी आलं नव्हतं. बाबांनी एकदा बंद दाराकडे बघितलं आणि माळ घेतली.

मग जे झालं त्याला झटपट म्हणायचं धाडस मी करणार नाही. सोडे भिजवायचे असतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बटाट्याच्या फोडी एकेक लिंबाएवढी. आंटी दारातून सूचना देत होत्या: आधी चोरीस, बाबा, आधी चोरीस. तेल नको. पावणेदोन तास. खालून करपलं, वरून कच्चं, सोडे चामड्यासारखे. पण चोरीसच्या लाल तेलात बटाटा मुरला होता, आणि आम्ही मेणबत्तीच्या उजेडात कढईतूनच खाल्लं. तेवढं चविष्ट मी पुन्हा काही खाल्लेलं नाही. बाबांनी मात्र दोनच घास घेतले. एक वाटी झाकून ठेवली.

आई तेव्हा कुर्ल्याच्या पुढे बंद पडलेल्या गाडीत होती. रात्र डब्यातच निघाली. त्या रात्री डब्यात भाज्या निघाल्या, पण निवडायला नाही. गाजरं वाटली, काकड्या वाटल्या, मटार सोलून तसेच खाल्ले. कुणाकडे टोमॅटो होते. आई म्हणते, कच्ची फरसबी खाऊन बघ एकदा, मग कळेल भूक काय असते. दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत, मग मिळेल त्या वाहनाने डोंबिवलीला मावशीकडे. तिसऱ्या दिवशी कल्याणहून गाड्या नाहीत म्हणून घरापर्यंत पुन्हा पायी. चौदा किलोमीटर. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाची, चपला हातात. खांद्याला तीच पिशवी.

कोळंबी टाकलीय आता. एक मिनिट झालं.

गेल्या रविवारी आई इथे आली होती. मी तिला म्हटलं, चल, आपण हीच कढई करू, पण पाकीट नको. सकाळी जाऊन बाजारातून ताजी कोळंबी आणली. अर्धा किलो. कोळीण मावशी म्हणाली, साफ करून देऊ? वर वीस रुपये. मी नको म्हटलं. घरी आलो, ओट्याशी उभा राहिलो आणि मोबाइलवर वेळ लावली. डोकं, कवच, पाठ चिरून काळा दोरा. बोटांना दोनदा टोचलं. बाबा शेजारी बसून फरसबीच्या शिरा काढत होते. आता निवृत्तीनंतर भाजी निवडणं त्यांच्याकडे आहे, आणि ते ती इतकी हळू निवडतात की आई दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.

पन्नास मिनिटं. फक्त सोलायला.

मी तिला जाऊन सांगितलं. वाटलं, आता काहीतरी बोलेल. तिने कोळंबीच्या वाडग्यात बोट फिरवलं आणि म्हणाली, "यातल्या निम्म्यांचा दोरा तसाच आहे."

मग तिला त्या पुराच्या रात्रीचं विचारलं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं, की घरात आल्या आल्या तिला पहिलं काय दिसलं. मला वाटलं होतं, आम्ही. ती म्हणाली, "कढई. मोरीत. तिसऱ्या दिवशीही तशीच. म्हटलं, चला, जेवले म्हणजे." आणि झाकून ठेवलेली वाटी? ती तोपर्यंत विटली होती, टाकून द्यावी लागली. बाबांनी फरसबीतून मान वर न करता सांगितलं, "मी टाकत नव्हतो. हिने टाकली."

तीन मिनिटं झाली. सी झालीय बघा, ओ नाही. गॅस बंद करतो. लिंबू पिळतो.

(ताटल्यांचा आवाज. मागून आईचा आवाज: "अरे, मीठ घातलंस का?")

थांबा. नाही घातलं.